वाकचौरे मास्तरांनी मागे ठेवलेला धडा

"वाकचौरे मास्तर धडा वर्गात अर्धाच शिकवतात आणि उरलेला अर्धा शिकवणीसाठी राखून ठेवतात."

ही कुजबुज माझ्या कानावर पहिल्यांदा आली ती बहात्तर सालच्या श्रावणात, देवळाली प्रवऱ्याच्या आठवडी बाजारात. श्रावण नुसता पंचांगात होता. आभाळ कोरडं, पाट कोरडा, ऊस उभ्या जागी पिवळा पडलेला. हाताला काम नव्हतं, म्हणून गावाच्या तोंडाला भरपूर काम होतं. भाजीवाली साळूबाई माझ्या पिशवीत सुकलेली गवार टाकत म्हणाली, "व्हय हो मास्तर, तुमच्या शाळंतले ते गणिताचे मास्तर म्हनं पोरान्ला निम्मंच सांगत्यात? आन निम्मं दर आइतवारी सिरामपुरात जाऊन शिकवत्यात?"

"कोण म्हणालं?"

"समदं गाव म्हनतंय. मी कशाला म्हनू? मी आपली गवार इकते."

खरं तर मला राग यायला हवा होता, आमच्याच शाळेची गोष्ट होती. पण लपवत नाही, मला गुदगुल्या झाल्या. गवारीचे पैसे द्यायचे विसरून मी तिथेच उभा राहिलो आणि आणखी काय काय म्हणतात ते सगळं काढून घेतलं. कारण शिकवणी करणारे मास्तर मी चिकार पाहिले होते. पण वाकचौरे? ते शिकवणी करतात म्हणजे देवळाचा पुजारीच चपला घालून गाभाऱ्यात शिरला म्हणायचा!

सूर्यभान वाकचौरे हे मूळचे राजूरच्या पलीकडचे, डोंगरातले. उंच, वाळकुडे, डोक्यावर पांढरी टोपी, सदऱ्याच्या वरच्या खिशात कायम दोन खडू. पन्नास सालापासून ते आमच्या शाळेत गणित शिकवत होते. वर्गात जाताना हातात पुस्तक नाही. "पान त्र्याहत्तर, खालून दुसरं उदाहरण," असं फळ्याकडे तोंड करूनच म्हणायचे आणि ते तिथंच असायचं. फळ्यावर वर्तुळ काढायचे ते कंपासशिवाय, एका झटक्यात. मी चित्रकलेचा मास्तर, पण माझं वर्तुळ नेहमी बटाट्यावर जायचं. मुलं माझ्या तासाला माझ्यादेखत म्हणायची, "सर, वाकचौरे सरांना बोलवू का?"

आणि शिकवणी म्हटलं की हा माणूस पेटायचा. आमच्याकडे इंग्रजीचे एक मास्तर होते, घरी ओसरीवर चार मुलं बसवायचे. नियम असा की हेडमास्तरांच्या लेखी परवानगीशिवाय खासगी शिकवणी करायची नाही. ती त्यांच्याकडे नव्हती. एकदा मधल्या सुट्टीत वाकचौऱ्यांनी त्यांना सगळ्यांसमोर धरलं.

"संध्याकाळी ज्या मास्तराला गिऱ्हाईक लागतं, तो सकाळी वर्गात गिऱ्हाईक तयार करतो," वाकचौरे म्हणाले.

इंग्रजीवाले पण कच्चे नव्हते. "मग सरकारी दवाखान्यातला डॉक्टर घरी पेशंट तपासतो, त्याला जाऊन विचारा की! त्याला पोट आहे, आम्हाला नाही?"

"तो सकाळी दवाखान्यात अर्धीच सुई टोचत नाही. उरलेली घरी येऊन टोचून घ्या, असं म्हणत नाही."

सगळे हसले. मीही हसलो. मी तर दोन्ही बाजूंना मान हलवत होतो. चित्रकलेची शिकवणी जन्मात कोणी लावली नाही, त्यामुळे या बाबतीत माझं चारित्र्य आपोआप शुद्ध राहिलं. इंग्रजीच्या मास्तरांनी पुढे बदली मागून घेतली. वाकचौऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही. ते सेवाज्येष्ठ होते, हेडमास्तर पुढच्या मे महिन्यात निवृत्त व्हायचे होते, आणि ती खुर्ची त्यांना हवी होती. उघड हवी होती. "मी तिथं बसलो की पहिला तास सगळ्या इयत्तांना गणिताचा," ते म्हणायचे. "आणि शिकवणी करणाऱ्याला घंटेजवळ उभा करीन." बावीस वर्षं वाट पाहिलेली खुर्ची आता नऊ-दहा महिन्यांवर आली होती.

आणि त्याच साली आठवीचा अभ्यासक्रम बदलला.

एप्रिलमध्ये परिपत्रक आलं. नवं गणित येतंय, गणिताच्या शिक्षकांनी मे महिन्यात नगरला दहा दिवस प्रशिक्षणाला यावं. हेडमास्तरांनी कागद वाकचौऱ्यांसमोर धरला. त्यांनी तो वाचला, दुमडला आणि म्हणाले, "मला गणित शिकवायला नगरला कोण बसलंय? ह्या गहिनीनाथला पाठवा. मोकळाच असतो."

गहिनीनाथ म्हणजे आमचा खेळाचा मास्तर. तो आनंदाने गेला, दहा दिवसांत नगरमधले सगळे सिनेमे बघून आला आणि एक वही घेऊन आला. वहीत तीन पानं भरलेली. "सोपं हाय, सर," त्याने वाकचौऱ्यांना सांगितलं. "दोन गोल काढायचे आन मधल्या भागाला रेघा मारायच्या."

"कशासाठी?"

"ते चहाच्या सुट्टीनंतर सांगितलं असंल."

जूनमध्ये पुस्तक हातात पडलं. पहिलं प्रकरण: संच. मी शेजारीच बसलो होतो, म्हणून सांगतो. वाकचौऱ्यांनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, परत पहिल्यावर आले. सगळीकडे महिरपी कंस आणि त्यांत फळं, फुलं, वारांची नावं. "हे गणित आहे की रुखवत?" ते म्हणाले. पण म्हणताना हसले नाहीत. चष्मा काढून पुसला, घातला, परत काढला.

दुसऱ्या दिवशी बावीस वर्षांत पहिल्यांदा ते वर्गात पुस्तक घेऊन गेले. वर्तमानपत्राचं कव्हर घालून, जसं काही चोरीचं आहे. आठवीच्या चाळीस पोरांनी ते एका क्षणात पाहिलं. पोरांना बाकी काही दिसत नाही, पण मास्तराच्या हातात काय आहे ते बरोबर दिसतं. "पहिलं प्रकरण नंतर घेऊ," वाकचौरे म्हणाले. "आधी दुसरं."

दुसरं झालं, तिसरं झालं. मुलांनी विचारलं, सर, पहिलं? "नंतर."

तिथून त्या माणसाचं बूड जाग्यावर राहीना. शिक्षकांच्या खोलीत बसले की उठायचे, खिडकीशी जायचे, परत यायचे, छत्री उघडायचे, मिटायचे. छत्री! पावसाचा टिपूस नव्हता त्या वर्षी. खिशातल्या खडूचे बोटांनी तुकडे करायचे, खिसा पांढरा. एकदा माझ्यापाशी आले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "रंगारी," मला ते रंगारीच म्हणत, "एका मोठ्या कागदावर दोन गोल काढून दे. एकमेकांत घुसलेले."

मी मन लावून काढले. एक तांबडा, एक पिवळा, मधला भाग छान नारिंगी. वर किरणं पण दिली. ते बघत राहिले. "हे काय आहे?"

"ग्रहण ना सर?"

त्यांनी कागदाची गुंडाळी केली, कपाटात घातली आणि कुलूप लावलं.

त्यांच्या बायकोने, गोजरबाईंनी, एकदा मला दारातूनच हाक मारली. "भावजी, जरा विचारा ना यांना काय झालंय ते. जेवता जेवता उठतात. परवा ताटात भाताचे दोन ढीग केले, एकमेकांना लावले, आणि मधल्या भातावर बोट फिरवत बसले. आमटी निवून गेली."

"काय म्हणाले का?"

"म्हणाले, हा भात याचा की त्याचा? मी म्हटलं तुमचाच आहे, गिळा आता!"

जुलैच्या शेवटी त्यांनी दर रविवारी सकाळी सायकल काढायला सुरुवात केली. सायकलच्या कॅरिअरला पिशवी, पिशवीत पुस्तक, वाट श्रीरामपूरची. वीस किलोमीटर जायचं, वीस यायचं, आणि तोंडाने एक शब्द नाही. आता रविवारचा मास्तर, पिशवीत आठवीचं पुस्तक, आणि वर्गात पहिलं प्रकरण गायब! गावाने दोन आणि दोन चार केले. गाव हिशोबात चुकलं असं म्हणता येणार नाही. गावासमोर जे आकडे होते त्यांची बेरीज तशीच येत होती.

बेरीज सगळ्यात मोठ्याने वाचली ती सहादेव अण्णांनी. अण्णा आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष, मोठे बागायतदार, मुलगा मच्छिंद्र आठवीत. ते शाळेत आले आणि व्हरांड्यातच सुरू झाले.

"आमी काय आंधळे हाय का हो हेडमास्तर? दुसऱ्या मास्तरानं चार पोरं बशिवली तर ह्यांनी त्याला गावातनं घालवला. आन सोता? सिरामपुरात दुकान!"

"अण्णा, पुरावा काय?"

"पुरावा? माझ्या पोराची वही बगा! पयल्या पानावर नाव हाय, आन म्होरं एकदम दुसरा धडा! पयला कुटं गेला? सायकलीवर बसून गेला!"

अण्णांनी रीतसर अर्ज केला. चौकशीला शिक्षण खात्याचे साहेब येणार असं ठरलं, तारीख ऑक्टोबरची. शिकवणी सिद्ध झाली तर वाकचौऱ्यांची हेडमास्तरकी गेली, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. वाकचौऱ्यांनाही. त्यांचा खडू आता फळ्यावर मोडायला लागला.

मला राहवलं का? नाही राहवलं. माझी बहीण श्रीरामपूरला दिली होती. मी एका रविवारी बहिणीला भेटायला म्हणून यष्टीत बसलो आणि बहीण सोडून सगळीकडे हिंडलो. वाकचौऱ्यांच्या सायकलचं साखळीचं झाकण अर्धं तुटलेलं होतं, ती सायकल मी हजारांत ओळखली असती. बाजारामागच्या मुसलमान मोहल्ल्यात एका हिरव्या दाराशी ती उभी. दारावर पडदा. मनात म्हटलं, अरे वा, शिकवणीच्या पलीकडचं काही निघालं तर श्रीरामपूरची यष्टी वसूल झाली!

पडदा बाजूला करून एक जाडजूड बाई बाहेर आली. मी तिला ओळखलं. मुबारकबी. तिचा नवरा रशीद पूर्वी आमच्या देवळालीत शिंपीकाम करायचा, आमच्या शाळेचे गणवेश त्यानेच शिवलेले.

"ड्राइंग मास्तर!" ती म्हणाली. "आवो, आवो. तुमचे बडे मास्तर अंदरच हैत. आज लई डांट पडने वाली है उनको."

"कोणाकडून?"

"सुरय्या है ना!"

सुरय्या तिची मुलगी. आमच्या शाळेत भूमितीत पैकीच्या पैकी घेणारी, वाकचौऱ्यांनी स्वतः तिच्या बापाकडे चार वेळा जाऊन पुढे शिकवायला लावलेली. आता गणित घेऊन बी.एस्सी. झाली होती आणि तिथल्या मुलींच्या शाळेत लागली होती. मे महिन्यातल्या त्या प्रशिक्षणाला ती स्वतः होती, पहिल्या बाकावर.

मी आत डोकावलो. शिलाई मशीनच्या फळीवर पाटी टेकवलेली. सुरय्या उभी, पदर खोचलेला. आणि समोर सतरंजीवर मांडी घालून, मांडीवर वही घेऊन, खडूने पांढऱ्या झालेल्या खिशासकट सूर्यभान वाकचौरे. प्रश्न विचारायला हात वर केलेला.

"नाही पटत," ते म्हणत होते. "ज्यात काहीच नाही त्याला संच का म्हणायचं? शून्य लिहा की कंसात. बरं दिसतं तरी."

"सर, शून्य लिहिलं की त्यात शून्य आलं. मग तो रिकामा कुठे राहिला?" ती म्हणाली. "मागच्या रविवारी तुम्ही हेच म्हणालात."

"पिछली दफा भी यहीच, उसके पिछली दफा भी यहीच," मुबारकबी माझ्या मागून म्हणाली.

वाकचौरे गुडघ्यावर वही आपटून उठले, खिडकीशी गेले, परत बसले. "डोक्यात शिरत नाही. दुसरं उदाहरण दे."

सुरय्याने थोडा विचार केला. मग हळूच म्हणाली, "सर, चिडणार नाही ना? तुम्ही ज्यांची खासगी शिकवणी घेता, त्या सगळ्या मुलांचा संच लिहा."

"मी शिकवणी घेत नाही! कितीदा सांगू?"

"नाही ना? मग लिहा. पण संच लिहायचाच आहे."

त्यांनी पेन्सिल घेतली. एक महिरपी कंस काढला. थांबले. दुसरा महिरपी कंस काढला. मधल्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिले. मग त्यांचा चेहरा असा सुटला की काय सांगू. अडलेलं उदाहरण सुटलं की आठवीतल्या एखाद्या मुलाचा सुटतो, तसा. "हात् तिच्या," ते म्हणाले. आणि त्यांना मी दिसलो.

परत येताना ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर यष्टीस्टँडपर्यंत चालत आले.

"रंगारी, कोणाला सांगू नकोस."

"अहो सर, सांगू नकोस काय? हे सांगायलाच पाहिजे! चौकशी एका मिनिटात संपेल. अण्णांचं तोंड बघायला मिळेल. तुम्ही शिकवणी करत नाही, तुम्ही शिकायला जाता, यात लपवायचं काय?"

ते थांबले. सायकलची घंटा उगाचच वाजवली. "मे महिन्यात मला दहा दिवस फुकट शिकवत होते. मी गेलो नाही. का गेलो नाही ते सगळ्या शाळेने ऐकलंय."

"ऐकू द्या. माणूस चुकतो."

"माणूस चुकतो. गणिताचा मास्तर चुकत नाही, अशा समजुतीवर ती पोरं बसलेली असतात. उद्या त्यांना कळलं की ह्याला पहिलं प्रकरण येत नव्हतं, तर दुसरं येतं का, तिसरं येतं का, मला चाचपून बघतील. मी पायथागोरस सांगायला लागलो की शेवटच्या बाकावरचा विचारील, सर, हे नक्की ना?" त्यांनी परत घंटा वाजवली. "मास्तर लबाड आहे म्हणाले तर पोरं मला शिव्या देतील आणि माझं ऐकतील. मास्तरला येत नाही म्हणाले तर शिव्या देणार नाहीत. ऐकणारही नाहीत."

"आणि खुर्ची?"

त्यांनी कॅरिअरवरची पिशवी आणखी घट्ट आवळली. माझी यष्टी आली. कोणाला सांगणार नाही अशी मी शपथ घेतली. माझ्यासारख्या माणसाला अशी शपथ घालणं म्हणजे मांजराच्या गळ्यात दुधाचं पातेलं बांधण्यासारखं आहे. गावात रोज नवं काही ऐकू यायचं. मास्तर तिकडे वीस पोरं बसवतात, मास्तरांनी तिकडे खोली घेतली, मास्तर पेपर फोडतात. आणि खरी बातमी माझ्या एकट्याच्या पोटात! मी बाजारात जायचं सोडलं. साळूबाई समोर आली की मी दुसऱ्या गल्लीने जायचो. मला जेवण जाईना. बायकोने विचारलं, "तुम्हालाही वाकचौऱ्यांची लागण झाली का?"

चौकशीचा दिवस आला. हेडमास्तरांच्या खोलीत साहेब, हेडमास्तर, सहादेव अण्णा, आणि जबाब लिहून घ्यायला मी. शाळेत अक्षर माझं चांगलं म्हणून मला बसवलेलं. वाकचौरे उभे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

साहेब सज्जन माणूस होता. त्याने मच्छिंद्राची वही चाळली. "वाकचौरे, पहिलं प्रकरण अजून घेतलेलं नाही?"

"नाही."

"कारण?"

वाकचौऱ्यांचा हात खिशात गेला. आत खडू मोडल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला.

"हे बघा," साहेब म्हणाला, "विषय नवा आहे. बऱ्याच शाळांतून असं आलंय. जुन्या शिक्षकांना हे प्रकरण जड जातंय, प्रशिक्षण नीट झालेलं नाही. तसं काही असेल तर तसं सांगा. मी लिहून घेतो आणि विषय संपवतो. तुमच्या बढतीला काही होत नाही."

दार उघडून दिलं होतं त्या माणसाने, सताड. मी पेन टेकवून बसलो. मनात म्हणत होतो, म्हणा हो सर, म्हणा, तीन शब्द तर आहेत.

वाकचौऱ्यांनी साहेबांकडे पाहिलं नाही. त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांचे कान टवकारलेले. इथे जे बोललं जाईल ते दिवे लागायच्या आत चावडीवर, आणि उद्या सकाळी आठवीच्या वर्गात. ते खिडकीपर्यंत गेले. खिडकीतून आठवीचा वर्ग दिसतो. परत आले.

"तसं काही नाही," ते म्हणाले. "मला सगळं येतं. मी श्रीरामपूरला शिकवणी घेतो. तिकडे वेळ गेला, म्हणून इकडे राहिलं."

"परवानगी?"

"घेतलेली नाही."

"बगा!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "सोताच्या तोंडानं!"

माझं पेन पुढे सरकेना. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. वाकचौरे जवळ आले, टेबलावर वाकले आणि म्हणाले, "लिही, रंगारी. अक्षर नीट काढ." मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली, तारीख घातली आणि तासाची घंटा झाली म्हणून वर्गावर निघून गेले.

आता गंमत ऐका. मी बाहेर येतो तो व्हरांड्यात सहादेव अण्णा वाकचौऱ्यांना गाठून उभे. आवाज एकदम मऊ. "मास्तर, झालं ते झालं. अर्ज काय, करावा लागतो, अध्यक्ष हाय मी. पर आमच्या मच्छिंद्रालाबी घ्या की आइतवारच्याला. पोरगं गनितात लई मागं हाय."

"मी शिकवणी घेत नाही, अण्णा."

"आत्ताच तर म्हनाला!"

"बंद केली."

"आसं कसं? सिरामपूरचीच पोरं लई श्यानी हायती व्हय? आमी काय वाईट केलं?"

आणि अण्णा एकटे नव्हते. जबाबाची बातमी फुटली आणि लोकांनी मास्तरांचं घर शोधत यायला सुरुवात केली. राहुरीच्या बाजूने आले, बेलापूरहून आले. चोरून शिकवतो म्हणजे काहीतरी भारी शिकवत असणार, असा गावोगाव समज झाला. जितके वाकचौरे नाही म्हणत तितकी त्यांची किंमत वाढे. गोजरबाईंनी दाराला कडी लावून ठेवायला सुरुवात केली. ज्यांनी संध्याकाळी गिऱ्हाईक नको म्हणून आयुष्यभर कंठशोष केला, त्यांच्या दारात आता गिऱ्हाईकच गिऱ्हाईक. ते आत येरझाऱ्या घालायचे आणि मला म्हणायचे, "बघ रंगारी, ह्यांना चोरीचा राग नव्हता. वाटा मिळाला नाही, त्याचा होता."

सुरय्याला हे सगळं उशिरा कळलं. पुढच्या रविवारी ती म्हणाली, "सर, मी येते शाळेत. मी सांगते खरं काय ते." मी तिथे नव्हतो, मुबारकबीने सांगितलं. वाकचौऱ्यांनी वही उघडली आणि म्हणाले, "पुढचं उदाहरण घे."

शिकवणीच्या कारणावरून त्यांना लेखी ताकीद मिळाली. त्र्याहत्तरच्या जूनमध्ये हेडमास्तर म्हणून बाहेरचे एक गृहस्थ आले. पहिल्या तासाला गणित काही आलं नाही, प्रार्थनेनंतर सूचनाच व्हायच्या. वाकचौरे पुढची सात वर्षं शिकवत राहिले आणि वर्गातल्या साध्या लाकडी खुर्चीवरूनच निवृत्त झाले. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अण्णा गेले, साळूबाई गेली. सुरय्याबाई स्वतः मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या, आणि त्यांना विचारूनच मी हे लिहितो आहे. देवळालीत अजूनही एखादा म्हातारा भेटतो आणि म्हणतो, वाकचौरे मास्तर हुशार, पण धडा राखून ठेवायचे हो शिकवणीला.

वाकचौरे मास्तरांनी आयुष्यात एकही खासगी शिकवणी घेतली नाही. पहिलं प्रकरण त्यांना येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते मागे ठेवलं होतं. ते त्यांनी चौदा रविवारांत सुरय्याकडून शिकून घेतलं आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर नऊ तासांत आठवीला पूर्ण शिकवलं.